पन्नास हजारांचा फरक गेला कुठे? एका सायकलखरेदीचा हिशेब

नागपूरच्या प्रतापनगरातले एक गृहस्थ. वय ५२, बँकेत अधिकारी, सकाळी साडेपाचला घराबाहेर. त्यांना इथे मामा म्हणू, कारण या व्यवहारातला दुसरा माणूस त्यांचा भाचा आहे. तो जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला असतो. तिसरी आणि चौथी व्यक्ती म्हणजे भाच्याचे आईवडील, मामांची ताई आणि भाऊजी. ते दोघे त्या दिवसांत मुलाकडेच राहायला गेले होते. प्रकरण ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मधलं आहे आणि सगळे आकडे त्याच वेळचे आहेत. मी त्यांच्याच सकाळच्या सायकल ग्रुपमधला. हिशेबाचं काम करतो, म्हणून कागद माझ्याकडे आले.

मामांकडे एक साधी हायब्रिड सायकल होती. तिच्यावर त्यांनी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड, केली, साडेतेरा तासांच्या मुदतीत, पण शेवटच्या तासात जीव काढून. पुढचं मनात होतं ते मोठं होतं: ३००, ४००, ६००, आणि जमलं तर २०२७ ची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, म्हणजे १२०० किलोमीटर, कमाल ९० तास. नागपुरात असलं वेड नवं नाही. इथल्याच डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अॅक्रॉस अमेरिका ही अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून वर्धा रोडवर पहाटे ड्रॉप हँडलच्या, म्हणजे खाली वळलेल्या हँडलच्या सायकली दिसायचं प्रमाण चांगलंच वाढलं. मामांना तशी सायकल हवी होती. अॅल्युमिनियम फ्रेम, कार्बन फोर्क, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, शिमानो १०५ गिअर. मॉडेल ठरलं, फ्रेमची साइज ५४ ठरली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, हिशेबाला त्याने फरक पडत नाही.

प्रश्न तिथूनच सुरू झाला. ऑगस्टमध्ये नागपुरातल्या दुकानाने किंमत सांगितली होती १,८९,९०० रुपये. ऑक्टोबरात भाच्याने तिथल्या दुकानातला फोटो पाठवला. तीच सायकल, तोच रंग, १,३४९ युरो. युरो तेव्हा १०२-१०३ रुपयांच्या आसपास होता. १०३ धरला तर १,३८,९४७ रुपये.

"पन्नास हजार!" मामा ग्रुपमध्ये म्हणाले. "पन्नास हजाराचा फरक अन् तुम्ही म्हणता इथूनच घ्या? काहीच्या काही!"

अचूक फरक ५०,९५३ रुपयांचा होता. आकडा बिनचूक होता आणि मामांच्या रागालाही कारण होतं. पण दोन्ही बाजूंना कोणकोणते आकडे धरले होते, तिथे गोम होती.

किमतीच्या पोटात काय होतं

आधी जर्मनीची बाजू. १,३४९ युरो ही त्या सायकलची नेहमीची किंमत नव्हती. चिठ्ठीवर १,५९९ खोडून १,३४९ लिहिलं होतं. युरोपात सायकलींचा हंगाम उन्हाळ्याचा. पाऊस आणि थंडी सुरू झाली, पुढच्या वर्षाची मॉडेल्स यायला लागली, की दुकानं जुना माल कमी किमतीत काढतात. सूट होती २५० युरोची, म्हणजे २५,७५० रुपयांची. मामांच्या पन्नास हजारांतला निम्मा हिस्सा एवढ्यातच संपतो, आणि त्याचा देशाशी काही संबंध नाही. एका बाजूला हंगाम संपतानाची किंमत होती, दुसऱ्या बाजूला ऑगस्टमधली पूर्ण किंमत. ही तुलना मुळातच वाकडी होती, आणि बहुतेक लोक परदेशातल्या किमतीशी तुलना करतात ती अशीच करतात: तिथल्या सेलची इथल्या एमआरपीशी.

आता इथली बाजू. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. सुट्या भागांवरचाही. १,८९,९०० मधून १२ टक्के काढून ५ टक्के लावले की १,७८,०३१ होतात. दुकानदाराला विचारल्यावर तो लगेच १,७८,००० म्हणाला. ऑगस्टमधली किंमत मामांच्या डोक्यात पक्की बसली होती, त्यामुळे दिवाळीत नव्याने विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. आणखी बारा हजार गेले.

म्हणजे सूट बाजूला ठेवून, चालू कराने दोन्ही पूर्ण किमती मांडल्या तर जर्मनीत १,५९९ युरोचे १,६४,६९७ रुपये आणि नागपुरात १,७८,०००. फरक १३,३०३. एवढाच. सायकल तर दोन्हीकडे एकाच ठिकाणाहून येते. फ्रेमच्या खालच्या अंगाला स्टिकर होता, मेड इन तैवान. युरोपात अशा सायकलीवर १४ टक्के आयातशुल्क लागतं, आपल्याकडे सगळं मिळून ३५ टक्क्यांच्या घरात. उलट जर्मनीत विक्रीवर १९ टक्के व्हॅट आहे आणि आपल्याकडे आता ५. एका सरकारने दारात जास्त घेतलं, दुसऱ्याने गल्ल्यावर जास्त घेतलं. गिऱ्हाइकाच्या हातात येईपर्यंत दोन्ही आकडे बरेच जवळ येतात.

हे ऐकून मामा थोडे हिरमुसले, पण हटले नाहीत. सेल तर सेल. सूट मिळत असेल तर ती का सोडायची? रास्त मुद्दा होता. म्हणून मग १,३४९ युरोची ती सायकल प्रतापनगरच्या घरात येईपर्यंत किती पडते, ते काढायला बसलो.

श्टुटगार्ट ते प्रतापनगर

भाचा डिसेंबरात फ्रँकफर्टहून दोहामार्गे थेट नागपूरला उतरणार होता. हा मोठा फायदा. मुंबईत उतरून देशांतर्गत विमान पकडायचं असेल तर कस्टम मुंबईलाच, शिवाय पुढच्या विमानात चेक-इन सामानाची सर्वसाधारण मर्यादा १५ किलो. सायकल आणि खोका मिळूनच १४-१५ किलो भरतात. दोहाहून थेट आलं की कस्टम नागपूरच्याच विमानतळावर.

त्या वेळी लागू असलेल्या २०१६ च्या बॅगेज नियमांप्रमाणे परदेशातून येणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या वस्तू शुल्काविना आणता येत होत्या. त्याच्या वरच्या रकमेवर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, एकूण ३८.५ टक्के. (ही मर्यादा अधूनमधून बदलते, त्यामुळे कोणी पुन्हा हिशेब करणार असेल तर आकडे नवे घ्यावेत. रीत हीच राहील.)

१,३८,९४७ मधून ५०,००० वजा, उरले ८८,९४७. त्यावर ३८.५ टक्के म्हणजे ३४,२४५ रुपये. भाच्याने संपूर्ण सवलत सायकलीवर खर्च केली, घरच्यांसाठी एक परफ्यूमही आणलं नाही, असं धरून हा आकडा आहे. मामींनी हे वाचलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

मामांची पहिली युक्ती तयारच होती. भाचा, ताई, भाऊजी मिळून तिघे. तिघांचे पन्नास-पन्नास, दीड लाख. सायकल पूर्ण माफ! दुर्दैवाने त्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं की एका प्रवाशाची सवलत दुसऱ्याच्या सवलतीत मिळवता येत नाही. एक वस्तू, एक प्रवासी, एक पन्नास हजार. कुटुंब एकाच विमानात शेजारी बसून आलं तरी. इथे तर ताई-भाऊजी नोव्हेंबरातच परतणार होते.

दुसरी युक्ती ग्रुपमधून आली आणि ती सगळ्यांनाच ठाऊक असते. सायकलला थोडा चिखल लावायचा, मडगार्ड बसवायचं, आणि वापरलेली म्हणून हिरव्या वाटेने, म्हणजे शुल्क भरायचं काही नाही असं सांगणाऱ्यांच्या रांगेने, निघून जायचं. "कोण पाहते?" एकाने विचारलं. पाहतात. दीड मीटरच्या आसपास लांबीचा खोका एक्स-रेमधून जाताना न दिसणं अवघड आहे. आणि वापरलेल्या वस्तूंची माफी ही प्रवाशाच्या रोजच्या गरजेच्या सामानासाठी आहे. दोन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेल्या मुलाची ५४ साइजची रोड बाइक त्यात बसवायला बरीच कल्पनाशक्ती लागेल. पकडलं गेलं तर १९६२ च्या कस्टम कायद्याप्रमाणे माल जप्त होऊ शकतो, सोडवायला दंड वेगळा. बँकेतल्या माणसाने असल्या भानगडीत पडू नये असं मी म्हणालो, आणि त्यावर मामा काही बोलले नाहीत.

एक खरी सूट मात्र आहे, ती इथे लागू पडत नव्हती एवढंच. दोन वर्षं किंवा जास्त परदेशात राहून कायमचा परत येणाऱ्याला घरगुती सामानासाठी याच नियमांत पाच लाखांपर्यंत वेगळी माफी होती. भाचा कायमचा येणार असता तर त्याची स्वतःची सायकल त्यात आली असती. तो येणार नव्हता. ताईंपुढे हा विषय काढायचीही सोय नव्हती.

बाकीचे खर्च छोटे, पण न टळणारे. विमान कंपनी सायकलच्या खोक्याचे किती घेते हे तिकिटागणिक वेगळं. भाच्याच्या तिकिटावर ७५ युरो लागणार होते, म्हणजे ७,७२५ रुपये. खोका दुकान फुकट देणार होतं. इथे आल्यावर जोडणी आणि ब्रेकचं काम, मेकॅनिकने सांगितले २,७००. एक जादा हँगर, २५ युरो, २,५७५ रुपये.

हँगर म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण परदेशातून आणलेल्या सायकलींचं घोडं बहुधा तिथेच अडतं. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, थेट फ्रेमला लावलेला नसतो. मध्ये बोटभर लांबीची मऊ अॅल्युमिनियमची पट्टी असते. सायकल उजवीकडे पडली की फ्रेम वाकायच्या आत ती पट्टी वाकावी किंवा तुटावी, यासाठीच ती मऊ ठेवलेली असते. आणि ती प्रत्येक कंपनीची, पुष्कळदा प्रत्येक मॉडेलची वेगळी. दोन स्क्रूंची जागा दोन मिलिमीटर इकडेतिकडे असली की दुसरी बसत नाही. विमानात खोका आडवा टाकला गेला तर पहिला बळी तिचाच. आमच्याच ग्रुपमधल्या एकाची उमरेड रोडवर खड्ड्यात पडून तुटली. सायकल बाहेरून आणलेली, इथल्या कुठल्याच दुकानात तो तुकडा नाही. एवढ्याशा धातूसाठी लाखाची सायकल तीन आठवडे भिंतीला टेकून उभी होती. म्हणून जादा हँगर घेतल्याशिवाय बाहेरची सायकल आणूच नये, असं माझं ठाम मत आहे.

ब्रेकचंही तसंच. जर्मनीत डावा लिव्हर पुढच्या चाकाचा. आपल्याकडे मोटरसायकलने हाताला लावलेली सवय उलटी, उजवा हात पुढचा ब्रेक. तारेचे ब्रेक असते तर पाच मिनिटांचं काम. हायड्रॉलिक ब्रेकला दोन्ही होज, म्हणजे तेलाच्या नळ्या, सोडवून अदलाबदल करायची, ऑलिव्ह नावाचं छोटं पितळी कडं नवं लावायचं, मिनरल ऑइल भरायचं आणि हवेचा बुडबुडा राहिला नाही ना हे बघायचं. बुडबुडा राहिला तर लिव्हर हँडलपर्यंत येतो आणि सायकल थांबत नाही. सवय बदलू, असं मामा म्हणाले. रात्री दोन वाजता, ३०० किलोमीटर झालेले, पुढे अचानक म्हैस. तेव्हा हात सवयीनेच चालतो.

बेरीज केली:

सायकल १,३८,९४७
कस्टम ३४,२४५
विमान ७,७२५
जोडणी आणि ब्रेक २,७००
हँगर २,५७५
एकूण १,८६,१९२

नागपुरात १,७८,०००. जर्मनीची "स्वस्त" सायकल ८,१९२ रुपयांनी महाग पडत होती. जीएसटी उतरायच्या आधी हाच हिशेब केला असता तर ती ३,७०८ रुपयांनी स्वस्त पडली असती. एका करबदलाने निकाल फिरला.

कुरिअरने मागवण्याचा पर्याय मामांनी विचारला तेवढाच. त्यात किंमत आणि भाडं मिळून रकमेवर शुल्क, त्याच्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, आणि प्रवाशाची पन्नास हजारांची सवलत तर नाहीच. पुढे गेलो नाही.

व्हॅटची वाट

आता खरा पेच. जर्मनीच्या किमतीत १९ टक्के व्हॅट आहे आणि माल युरोपाबाहेर नेणाऱ्या प्रवाशाला तो परत मिळू शकतो. १,३४९ मध्ये व्हॅट होता साधारण २१५ युरो, बावीस हजार रुपये. मामांना हे कोणीतरी सांगितलं आणि त्यांनी भाच्याला रात्री फोन लावला.

"मामा, मला नाही मिळत," भाचा म्हणाला. "मी इथला रहिवासी आहे. ज्याचं घर युरोपियन युनियनच्या बाहेर आहे त्यालाच."

"मंग ताईले मिळते ना!"

मिळत होतं. ताई आणि भाऊजी पाहुणे म्हणून गेलेले, घर नागपुरात. भाऊजींच्या नावाने बिल करायचं, पासपोर्ट दाखवायचा, दुकानाकडून निर्यातीचा फॉर्म घ्यायचा. खरेदीचा महिना संपल्यापासून तीन महिन्यांच्या आत माल स्वतःच्या सामानातून बाहेर न्यायचा आणि युरोप सोडताना तिथल्या कस्टमचा शिक्का घ्यायचा. दुकान हे काम एका परतावा कंपनीमार्फत करत होतं, तिचं सेवाशुल्क जाऊन हातात १६० युरोच्या आसपास येणार होते. १६,४८० रुपये. विमानाचा खर्च तेवढाच धरला तर एकूण येतं १,६९,७१२. नागपूरपेक्षा ८,२८८ रुपयांनी स्वस्त.

कागदावर ही वाट चोख होती आणि कायदेशीरही. (भारतात उतरल्यावर कस्टम परताव्याची रक्कम किमतीतून वजा करेल असं मात्र मी धरलेलं नाही. बिलावर १,३४९ असेल तर १,३४९ च धरावे.) फक्त ती वाट पासष्टीच्या दोन माणसांच्या पायांवरून जाणार होती. शिक्क्यासाठी माल दाखवावा लागतो, म्हणून आधी खोका घेऊन कस्टमच्या खिडकीवर, मग चेक-इन, मग मोठ्या सामानाचा वेगळा काउंटर. नागपूरला उतरल्यावर लाल वाटेने जाऊन शुल्क भरायचं. आणि बाहेर आल्यावर तो खोका साध्या टॅक्सीत मावत नाही, इनोव्हा किंवा छोटा हत्ती बोलवायचा.

ताईंचं उत्तर मामांनी स्पीकरवर ठेवलं होतं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

"काहून रे, मायाच्यानं माझी पर्स उचलल्या जात नाही, अन् तू खोका म्हणून राहिला? गुडघ्याचं ऑपरेशन तू करून देशील का?"

"ताई, ट्रॉलीवर ठेवाचा फक्त. भाऊजी ढकलतीन."

"भाऊजीले विचार."

भाऊजी फोनवर आलेच नाहीत. आठ हजारांसाठी मोठ्या बहिणीला किती गळ घालायची, हा हिशेब माझ्या कागदात बसणारा नव्हता. मामांनी तो दोन दिवसांत स्वतःच केला.

इथे एक जोड देतो, कारण लोक हीच युक्ती इंग्लंडहून येणाऱ्यांना सांगतात. ब्रिटनने प्रवाशांना व्हॅट परत द्यायची सोय २०२१ च्या सुरुवातीलाच बंद केली. लंडनहून आणायची असेल तर २० टक्के व्हॅट भरूनच. आणि बॅटरीवाली ई-सायकल कुठूनच आणता येत नाही. प्रवासी विमानात १०० वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, परवानगीने १६० पर्यंत. ई-सायकलची बॅटरी सहसा ४००-५०० ची असते.

दुकानात

मग मामा पुन्हा दुकानात गेले, या वेळी मीही सोबत. दुकान धरमपेठेतलं, मालक ओळखीचा. मी एवढंच विचारलं की जर्मनीत जुन्या मॉडेलवर सूट आहे, तुमच्याकडे मागच्या वर्षाचा माल शिल्लक आहे का.

होता. ५४ साइजच, रंग मामांना नको असलेला, मातकट हिरवा. फ्रेम, गिअर, ब्रेक तेच. दहा टक्के सूट. १,६०,२००.

हा पर्याय पहिल्या दिवशीही तिथेच होता. सेलची किंमत सेलच्या किमतीसमोर ठेवल्यावर जर्मनीची व्हॅट परत मिळालेली सायकलसुद्धा साडेनऊ हजारांनी महाग झाली. त्यात फिटिंग, दोन सर्व्हिसिंग आणि फ्रेमची वॉरंटी इथेच. जर्मनीत विकत घेतलेल्या मालाला दोन वर्षं विक्रेत्याची कायदेशीर जबाबदारी असते हे खरं, पण तक्रार करायला सायकल त्याच दुकानात न्यावी लागली असती.

फिटिंगवर मी जास्त भर देईन, कारण ५४ हा आकडा कंपनीगणिक वेगळा बसतो. दुकानातल्या मुलाने मामांना ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर, वीस मिनिटं पेडल मारायला लावलं. सीट दीड सेंटीमीटर वर घेतली, स्टेम, म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा, १०० मिलिमीटरचा काढून ८० चा लावला. पैसे नाही घेतले. हाच स्टेम नंतर विकत घेऊन बदलायचा तर दोन-तीन हजार. आणि चुकीच्या स्टेमवर ४०० किलोमीटर म्हणजे मान आणि तळहात दोन्ही कामातून गेले.

मामांचा शेवटचा आक्षेप रंगाचा होता. तिथे मामी बोलल्या, "तुम्ही पहाटे अंधारात जाता, अंधारात येता. रंग कोणाले दिसते?" सौदा झाला.

ट्यूबचा एक छोटा घोळ दुकानातच निघाला, तो सांगून टाकतो. मामांची समजूत होती की २८ इंची सायकल, मग ट्यूब-टायर गल्लीतल्या पंक्चरवाल्याकडेही मिळेल. आपल्या जुन्या काळ्या सायकलीचं २८ इंची टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमचं असतं. या रोड सायकलचं, ज्यालाही २८ इंची म्हणतात, ते ६२२ मिलिमीटरच्या रिमचं. तेरा मिलिमीटरचा फरक, ते बसणार नाही. टायरच्या कडेला २८-६२२ असं छापलेलं असतं, तेच वाचावं. व्हॉल्व्हही बारीक, प्रेस्टा. पंक्चरवाल्याच्या पंपाला चालत नाही, पंधरा-वीस रुपयांचं पितळी अॅडॉप्टर खिशात ठेवावं लागतं.

भाच्याची बॅग

एवढं होऊनही डिसेंबरात येणाऱ्या भाच्याचे पन्नास हजार मोकळेच होते, आणि खरा फायदा निघाला तो इथे. हलकं, महाग, बॅगेत मावणारं आणि मापाचा फारसा प्रश्न नसलेलं सामान. घडीचे दोन टायर, ९० युरो. पुढचा-मागचा दिवा, ७० युरो. पाणी न शिरणारी सीटमागची बॅग, ९५ युरो. क्लिटचे, म्हणजे पेडलला अडकणारे बूट, ११० युरो. मामांनी आधी इथे त्याच कंपनीचे घालून बघितले होते. एकूण ३६५ युरो, ३७,५९५ रुपये. कस्टम शून्य. हेच सामान इथे गोळा करायला गेलो तर अर्धं मुंबईहून मागवावं लागत होतं आणि बेरीज ५४,००० पर्यंत जात होती. सोळा हजार वाचले, खोका न उचलता.

दिव्याबद्दल दोन वाक्यं. जर्मन रस्ता नियमांप्रमाणे सायकलचा दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये अशी अट आहे, त्यामुळे तिथल्या दिव्यांचा झोत वरून कापलेला असतो, कारच्या लो बीमसारखा. आपल्याकडे मिळणारे बरेचसे दिवे टॉर्चसारखे गोल झोताचे. काटोल रोडवर रात्री समोरून ट्रक येतो तेव्हा त्याच्या ड्रायव्हरचे डोळे न दिपवणं आपल्याच फायद्याचं आहे.

हेल्मेट यादीतून काढलं. किमतीत फारसा फरक नव्हता आणि बॅगेत दबून आतून चीर गेली तर बाहेरून कळत नाही. ट्यूबलेस टायरमध्ये पंक्चर बुजवायला भरतात ते सीलंटही काढलं. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत ते लवकर सुकतं, इथेच वरचेवर ताजं घेतलेलं बरं. उरलेल्या बारा हजारांच्या सवलतीत मामींचं परफ्यूम आलं.

साध्या सायकलीला मात्र यातलं काहीच लागू नाही. भाचा शिकायला गेला तेव्हा मामांनीच त्याला इथून सायकल पाठवायचा घाट घातला होता, लुधियानाची, सहा-सात हजारांची. त्याने तिथे १२० युरोला जुनी घेतली, दिवे, घंटी, कुलपासकट. इथली घेतली असती तर अर्ध्या पैशात झाली असती, पण वाचलेले पैसे विमानाच्या भाड्यातच गेले असते आणि तिथल्या नियमाचे दिवे-रिफ्लेक्टर वरून लावावे लागले असते.

आता एकच काम राहिलं आहे. २०२७ च्या ऑगस्टात मामा खरंच पॅरिसला गेले तर हीच सायकल विमानातून बाहेर जाईल आणि परत येईल. परतताना कस्टमने ती तिथे घेतलेली समजू नये म्हणून जातानाच विमानतळावरच्या कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र करून घ्यायचं असतं. त्यासाठी वस्तू ओळखता आली पाहिजे. दुकानदाराने बिलावर नुसतं "सायकल, १ नग" लिहिलं होतं. मी ते परत देऊन बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या भागाच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर त्यावर लिहून घेतला, मॉडेलच्या वर्षासकट.